वळणावरची फुप्फुशी

संस्थेत तिला सगळे पुडीताई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता आलं नसतं, पण ठेवलं होतं अगदी चपखल. वनस्पतिसंग्रहाच्या मागच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीपाशी लांबलचक टेबलाशी बसून तिने उभा जन्म कागदाच्या पुड्या घालण्यात काढला. पानाफुलांचे नमुने मोठ्या कागदावर चिकटवतात. पण खडकावर आणि झाडांच्या सालींवर उगवणारी शैवाकं, म्हणजे लोक ज्यांना दगडफूल म्हणतात ती, अशी चिकटवता येत नाहीत. ती वाळली की चुरतात. त्यांना घडीची पुडी लागते. खालची बाजू वर, वरची खाली, दोन्ही कडा मागे मुडपायच्या आणि पुढच्या पाळीवर चिठ्ठी लावायची. काय आहे, कुठे मिळालं, कशावर वाढलं होतं, कधी आणि कुणी काढलं. पुडी भरली की आठवडाभर बर्फाच्या पेटीत ठेवायची, म्हणजे आतली कीड मरते. मग ती लोखंडी कपाटात जायची, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, आणि बहुतेक वेळा पुन्हा कुणी उघडायचं नाही.

ती तिथे आली होती थोड्या दिवसांच्या बदली कामावर, आणि तिथलीच होऊन बसली. लग्नाचं एकदोनदा जमत आलं आणि फिसकटलं, मग घरात तो विषयच कुणी काढेनासं झालं. आईवडील गेल्यावर ती धाकट्या भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायला लागली. भावजय तिला वन्सं म्हणायची, तिच्या कपड्यांना येणाऱ्या डांबराच्या वासावरून नाक मुरडायची, आणि तरी रोज न चुकता तिचा डबा भरून द्यायची.

भाऊ झाडं तोडायच्या टोळीचा मुकादम. त्याला लोक करवत्या म्हणत. आडदांड माणूस, आवाज असा की शेजारच्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात. डाव्या हाताचं एक बोट अर्धंच होतं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "अर्धं झाडावर राहिलं. एवढ्याशासाठी परत कोण चढतंय!" दिवसभर तो झाडं पाडायचा आणि दिवसभर बहीण झाडांवरचा पापुद्रा जपून कागदात गुंडाळायची. दोघांत त्यावरून थट्टा चाले, भांडण कधी झालं नव्हतं.

ज्या वर्षी ही गोष्ट सुरू झाली, त्या वर्षी मॅडमनी एक काम काढलं. मॅडम म्हणजे संग्रहाच्या प्रमुख. कडक बाई, पण मनाची साफ. शैवाकांच्या विषयात त्यांच्याइतकी जाण असलेलं दुसरं माणूस आसपासच्या मुलखात नव्हतं. त्यांनी ठरवलं की एकच जात घ्यायची, या भागातून आजवर तिचे जेवढे नमुने आले तेवढ्या सगळ्या पुड्या बाहेर काढायच्या आणि एकेक जागा नकाशावर मांडायची. जात कुठली, तर फुप्फुशी. खरं नाव लांबलचक लॅटिन. पण तिची रुंद, खळगेदार पानं थेट फुप्फुसासारखी दिसत, म्हणून दोघींनी आपापसात हे नाव पाडलेलं. ओली असली की हिरवीगार, वाळली की चामड्यासारखी तपकिरी. म्हाताऱ्या झाडांवरच वाढते, हवा स्वच्छ लागते, ओल लागते, आणि वाढते इतकी सावकाश की तळहाताएवढं व्हायला एखाद्याची निम्मी हयात जावी.

पुड्या बाहेर आल्या तेव्हा टेबल भरून गेलं. सगळ्यांत जुन्या पुड्या एका डॉक्टरच्या होत्या. रोगी तपासायला घोडागाडीतून खेडोपाडी फिरायचा आणि वाटेत थांबून नमुने काढायचा. त्याच्या पुड्या लठ्ठ होत्या, उशीसारख्या फुगलेल्या. मूठभर ओरबाडून कोंबलेलं. चिठ्ठीवर तिरकं अक्षर: 'ओढ्याकाठी, जुन्या ओकवर. विपुल.' दुसऱ्या पुडीवर: 'गिरणीमागच्या रानात. फार विपुल.' मग एका शाळेच्या बाईंच्या पुड्या, जरा बारीक. मग वनखात्यातल्या कुणाच्या, त्याहून बारीक, 'तुरळक' असं लिहिलेल्या. आणि मग पुड्या संपल्या. शेवटची पुडी पुडीताई संस्थेत येण्याच्याही आधीची होती.

"म्हणजे गेली म्हणायची?" पुडीताईने विचारलं.

"नोंद नाही एवढंच आपल्याला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "कुणी शोधायला गेलं नाही तरी नोंदी थांबतात, ताई."

मॅडम हे सहज बोलल्या. पण पुडीताईच्या मनाने ते वाक्य घट्ट धरलं. कुणी गेलंच नाही म्हणून, एवढंच! इतकी वर्षं ज्या गावांची, ओढ्यांची, चढांची नावं तिने चिठ्ठ्यांवर वाचली होती, त्यांतल्या एकाही ठिकाणी तिने स्वतः पाऊल ठेवलेलं नव्हतं. संस्थेला माणसं पाठवणं जमणार नव्हतं. घरी येऊन ती भावाला म्हणाली, "रविवारी तुझी गाडी रिकामीच असते ना?"

"गाडी असते. मी नसतो. मी झोपलेला असतो," करवत्या म्हणाला.

पण आला. पहिल्या रविवारी कुरकुरत, पुढच्या रविवारी थर्मास घेऊन, आणि मग त्याला त्याचा नादच लागला. सामानाच्या खुल्या गाडीत दोघं पुढे बसायची, पुडीताईच्या मांडीवर जुन्या जागांचा कागद. डॉक्टरचा ओढा सापडला, पण तो आता सिमेंटच्या नळातून वाहत होता आणि वर गाड्या धुवायचं दुकान होतं. गिरणीमागच्या रानात एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या होत्या. तिथल्या एका म्हातारीने दोघांना चोर समजून कुत्रं अंगावर सोडलं. शाळेच्या बाईंची टेकडी होती तशीच होती, पण तिच्यावर आता कागदाच्या कारखान्यासाठी लावलेली झाडं कवायतीला उभी केल्यासारखी एका रेषेत वाढत होती. त्यांच्या सालीवर काहीसुद्धा नव्हतं. एक जागा तर धरणाच्या पाण्याखाली गेलेली. काठावर उभं राहून करवत्याने पाण्यात खडा टाकला आणि म्हणाला, "इथली तपासणी तू कर. मला पोहता येत नाही."

ती हसली. पण तिसऱ्या-चौथ्या रविवारनंतर तिचं हसणं कमी झालं. कोऱ्या सालीवरून ती हात फिरवत राही, भिंगातून बघे, दुसऱ्या झाडाकडे जाई. भाऊ गाडीला टेकून वाट बघे.

"ताई," एकदा तो न राहवून म्हणाला, "तू स्मशानात जाऊन हजेरी घेतेयस असं वाटतं बघ."

"घेऊ दे की मग. कुणीतरी घ्यायला नको?" ती फणकाऱ्याने म्हणाली.

वर्ष सरलं. कागदावरच्या जवळजवळ सगळ्या जागा खोडून झाल्या. आणि एका संध्याकाळी करवत्या कामावरून आला तो तडक वर तिच्या खोलीत. एरवी बूट न काढता घरात आला म्हणून बायकोची बोलणी खाणारा माणूस त्या दिवशी चिखलाच्या बुटांनी जिना चढला होता. त्याने आपला जेवणाचा डबा तिच्यापुढे धरला.

"बघ गं, हे तुझंच का?"

डब्यात सालीच्या तुकड्यावर ओली, हिरवी, खळगे पडलेली पानं होती. पुडीताईने इतकी वर्षं फुप्फुशी तपकिरी रंगात पाहिली होती. जिवंत रंग तिने कधी पाहिलाच नव्हता. तिने बोट लावलं. मऊ होतं, थंड होतं.

"कुठे?" एवढंच तिच्या तोंडून फुटलं.

"वरच्या घाटरस्त्यावर. छातीच्या रोग्यांचं जुनं इस्पितळ होतं ना बंद पडलेलं, त्याच्या अलीकडच्या वळणावर. जुने ओक आहेत ओळीने. खाली नाही, वर, फांद्यांच्या बेचक्यात. खालून दिसत नाही, म्हणून राहिलं असेल."

"तू वर कशाला चढला होतास?"

"काम होतं," करवत्या म्हणाला आणि बूट काढायला खाली गेला.

दुसऱ्या दिवशी मॅडमना घेऊन ती दोघं वळणावर गेली. मॅडमनी मान मागे टाकून दुर्बीण लावली आणि बराच वेळ खाली घेतलीच नाही. घेतली तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. रस्त्याकडेच्या जुन्या ओकांपैकी निम्म्यांवर तरी ती होती. एका झाडावर तर फांदीच्या अख्ख्या अंगाला चादरीसारखी लपेटलेली. दोघी बायका, एक प्रमुख आणि एक पुड्या घालणारी, त्या रस्त्याच्या कडेला एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांतली माणसं वळून बघत होती.

मग पुडीताई झाडाला वळसा घालून मागे गेली. खोडावर, छातीच्या उंचीला, तांबडी फुली मारलेली होती. ओली नव्हती, पण जुनीही नव्हती. पुढच्या झाडावर तशीच. त्याच्या पुढच्यावरही.

"हे काय आहे?" तिने भावाला विचारलं.

करवत्या गाडीची काच पुसत होता. स्वच्छ असलेली काच. "खूण आहे."

"कसली?"

"तोडायच्या झाडांना करतात ती."

"कुणी केली?"

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. तिच्याकडे बघितलं नाही. "मीच केली, ताई. त्यासाठीच वर चढलो होतो. पोकळ फांद्या किती ते बघायला."

त्यानंतर जी धावपळ झाली ती मॅडमनी केली, आणि जीव तोडून केली. अर्ज पाठवले, छायाचित्रं पाठवली, वरपर्यंत फोन केले. रस्तेखात्याचा अभियंता स्वतः संग्रहात आला. पुडीताईला वाटलं होतं, कुणी उर्मट, उडवून लावणारा माणूस असेल, तर चार शब्द सुनावता तरी येतील. पण हा निघाला भला गृहस्थ. त्याने पुड्या बघितल्या, भिंगातून बघितलं, नकाशावरच्या खुणा मोजल्यासारखं बोट फिरवलं, मग बसला आणि म्हणाला, "त्या वळणावर समोरची गाडी दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात एक बाई आणि तिची दोन मुलं गेली. मी तिथे उभा होतो, मॅडम. मुलांची आजी मला म्हणाली, अजून किती मेल्यावर रस्ता रुंद करणार? मी तिला आता काय सांगू? झाडावर शेवाळ आहे म्हणून सांगू?"

"शेवाळ नाही ते," पुडीताई म्हणाली.

"माफ करा. जे काही असेल ते."

मॅडमनी विचारलं, रस्ता दुसऱ्या बाजूने रुंद होणार नाही का? दुसऱ्या बाजूला दरी होती. दुर्मीळ जातींच्या यादीचा आधार घेता येईल का, हेही त्यांनीच शोधून काढलं, आणि तिथे तर हातच टेकले. या भागातून फुप्फुशी नष्ट झाली असं सरकारी यादीत आधीच लागलेलं होतं, कारण इतक्या वर्षांत नोंद नव्हती. जे नाहीच, त्याला संरक्षण कसं द्यायचं? नवी नोंद करून घ्यायला समितीची बैठक लागणार होती. बैठक हिवाळा संपल्यावर. आणि झाडं हिवाळ्यातच पाडायची होती, पक्षी घरटी बांधायच्या आत. पक्ष्यांना संरक्षण होतं.

शेवटी एके रात्री जेवताना पुडीताई म्हणालीच, "हे काम तू घेऊ नकोस."

"मी नाही घेतलं तर झाडं उभी राहणार आहेत का?"

"तुझ्या हाताने तरी नको."

"मग कुणाच्या? शहरातली मोठी कंपनी टपून बसलीय. त्यांचं यंत्र येतं, झाड धरतं, कापतं, तिथल्या तिथे फांद्यांचा भुगा करतं. त्या भुग्यातून वेचशील तू तुझी फुप्फुशी?"

"वन्सं," भावजय मध्ये पडली, "टोळीतल्या लोकांना हिवाळाभर दुसरं काम नाही. त्यांच्या घरी जाऊन काय सांगायचं आम्ही? मला कळतं तुमचं. पण ते झाडावरचं आहे हो, घरातलं नाही."

पुडीताई ताटावरून उठली. करवत्या तिच्यामागून जिन्यापर्यंत आला. "ऐक तरी," तो खालच्या आवाजात म्हणाला, आणि त्याचा तो खालचा आवाज तिला इतका अनोळखी वाटला की ती थांबली. "मी फांद्या दोराने उतरवीन. एकेक. आपटू देणार नाही. तू खाली उभी राहा. जिथे न्यायचं तिथे नेऊ, दुसऱ्या झाडांना बांधू. एवढं मी करू शकतो. याच्यापलीकडे मला काही सांगू नकोस."

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "ताई, मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. ती एकटी वाढत नसते. बुरशी आणि शैवाल असे दोन जीव मिळून तिचं एक घर होतं. वर झाडाची साल हवी तशी, सावली हवी तशी, ओल हवी तशी. दुसरीकडे लोकांनी करून बघितलंय. थोडं जगतं, बरंचसं मरतं. आपल्याकडे तर तसं रानच उरलेलं नाही."

"थोडं जगलं तरी पुष्कळ," पुडीताई म्हणाली. मॅडमनी नाही म्हटलं नाही. पण हो म्हटलं तेव्हा त्यांचा चेहरा रोग्याच्या नातेवाइकांशी बोलणाऱ्या डॉक्टरसारखा होता, आणि पुडीताईला तो त्या वेळी मुळीच आवडला नाही.

झाडं पाडली ते दिवस कडाक्याच्या थंडीचे होते. रस्ता अडवून ठेवलेला. वर चढायचं काम करवत्याने कित्येक वर्षांपूर्वी सोडलं होतं. पोट सुटलेलं, गुडघे बोलायला लागलेले. पण या झाडांवर तो दुसऱ्या कुणाला चढू देईना. पट्टा कमरेला बांधून स्वतः चढला. टोळीतली माणसं खालून ओरडत होती, "मुकादम, दोर तुमच्या मापाचा आहे ना?" आणि तो वरून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मग वरचा आवाज बंद झाला. दोराला बांधलेली पहिली फांदी हळूहळू, गिरक्या घेत खाली आली. पुडीताईने हात पसरून ती घेतली. पाळण्यातून मूल उचलावं तशी घेतली, आणि स्वतःलाच हसू येऊन तिने इकडेतिकडे बघितलं. कुणी हसत नव्हतं.

सगळ्या फांद्या उतरल्यावर खोडं पाडली. एकेक ओक कोसळला की जमीन पायाखालून सरकल्यासारखी व्हायची. अगदी शेवटचं खोड पडल्यावर करवत्या त्याच्या बुंध्याशी बसला आणि सालीवर अर्ध्या बोटाने काहीतरी खरवडत राहिला. "निरोगी होतं," तो एवढंच म्हणाला. "आतून पोकळ असेल म्हणून वाटलं होतं. काही नव्हतं झालेलं."

फुप्फुशी नेली ती वरच्या घळीत. तिथे ओढ्याकाठी ओकची आणि अ‍ॅशची काही झाडं अजून उभी होती, फार म्हातारी नव्हती, पण त्यातल्या त्यात बरी. सालीचे तुकडे प्लास्टिकच्या जाळीत धरून दोघांनी ते झाडांना बांधले. काही मॅडमनी स्वतः बांधले, थंडीने बोटं वळेनाशी होईपर्यंत. प्रत्येक झाडाला पत्र्याचा बिल्ला लावला. संग्रहासाठीही काही पुड्या केल्या. त्या चिठ्ठ्या लिहिताना पुडीताईचं अक्षर पहिल्यांदाच बिघडलं.

वसंतात तिने घळीत जाऊन बघितलं तर सगळं हिरवं होतं. इतकं हिरवं की ती घरी येऊन बडबडत सुटली. भावजयीला जाळीपासून पानापर्यंत सगळं वर्णन ऐकवलं, आणि भावजयीनेही शेंगा सोलत सोलत ते ऐकून घेतलं. करवत्या म्हणाला, "म्हणजे मी झाडं लावणाऱ्यांत जमा झालो म्हणायचं! टोळीला सांगू नका कुणी, इज्जत जाईल."

हे हिरवेपण उन्हाळ्यापर्यंत टिकलं. त्या उन्हाळ्यात ओढा आटला. पानांच्या कडा आधी पांढुरक्या झाल्या, मग कागदासारख्या. पावसाळी हवा परत आली तेव्हा ज्यांत जीव होता त्यांनी रंग धरला, पण आता त्यांच्यावर गोगलगाई येऊ लागल्या. शंख नसलेल्या, काळ्या, चिकट. जाळीतून आत शिरून त्या पानं कुरतडत. पुडीताई रविवारी जाऊन त्या एकेक वेचून काढी आणि डब्यात भरून लांब नेऊन सोडी. मारायला तिचा हात धजत नसे. पुढच्या रविवारी त्या पुन्हा हजर.

"त्यांना ठेचत का नाहीस?" करवत्याने विचारलं.

"त्यांनाही कुठे राहायला जागा आहे?"

"मग डब्यात कशाला घेतेस? दत्तकच घे."

पुढच्या वर्षी बिल्ल्यांपेक्षा जिवंत तुकडे कमी होते. त्याच्या पुढच्या वर्षी करवत्याच्या गुडघ्याने दगा दिला आणि तो घळीच्या वरच थांबू लागला. खाली उतरायची ती एकटी. वर आली की तो विचारायचा, "किती?" आणि ती आकडा सांगायची. मग एकदा त्याने विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

अखेरीस एकाच अ‍ॅशवर, ओढ्याच्या अंगाला, बाभळीच्या शेंगेएवढा एक तुकडा हिरवा उरला. त्यावर गोगलगाईने एका बाजूने सुरुवात केलेली होती. तिने मॅडमना सांगितलं. मॅडम तोवर निवृत्तीला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ठेवलात तर महिनाभर. काढलात तर निदान पुडीत राहील. मी सांगणार नाही, ताई, तुम्हीच ठरवा."

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. भावजय म्हणते, वन्सं त्या दिवसांत चहात साखर घालायच्या आणि ढवळायच्याच नाहीत. रविवारी ती घळीत उतरली. जाळी सोडवली. चाकूचं पातं सालीखाली सरकवलं आणि तुकडा काढून घेतला. त्या मुलखात तिच्या माहितीप्रमाणे जिवंत असलेली जी काही फुप्फुशी होती, ती अशी तिच्याच हाताने निघाली. तिच्याच हाताने, कारण दुसऱ्या कुणाच्या हाताने निघावी असं तिला वाटेना. वर येईपर्यंत ती तळहातात हिरवी होती. घरी पोचेपर्यंत तपकिरी झाली.

चिठ्ठीवर तिने जागा, झाड, तारीख लिहिली. संग्राहकाच्या रकान्यात आजवर तिने शेकडो नावं लिहिली होती, स्वतःचं कधीच नव्हतं. ते लिहिलं. बर्फाच्या पेटीत ठेवलं. आठवड्याने कपाटात लावलं.

सरकारी समितीची बैठक झाली होती ती कधीच. नवी नोंद त्यांनी मान्य केली होती. यादीत फुप्फुशीपुढचा 'नष्ट' हा शब्द खोडून 'अत्यंत दुर्मीळ, संरक्षित' असं लागलं. मॅडमच्या जागी आलेल्या तरुण प्रमुखाने शेवटच्या पुडीची नोंद वर कळवली, तेव्हा ते पुन्हा बदलायला हवं असं ठरलं. पण त्यालाही बैठक लागणार होती. तोवर फुप्फुशी या मुलखात कायद्याने जिवंत राहिली.

वळणावरचा रस्ता रुंद झाला. पहिल्या वर्षी तिथे कुणी मेलं नाही. मग लोक तिथून आधीपेक्षा वेगात जाऊ लागले. त्या भल्या अभियंत्याने रुंद केलेल्या रस्त्याच्या कडेला ओकची रोपं लावायचं काम मंजूर करून घेतलं, आणि ते काम करवत्याच्या उरल्यासुरल्या टोळीला मिळालं. झाडं पाडणाऱ्या यंत्राने आता त्यांचं दुसरं काम जवळपास संपवलंच होतं.

निवृत्त झालेल्या मॅडम एकदा घरी आल्या तेव्हा पुडीताईने त्यांना विचारलं, "ही रोपं मोठी झाली, म्हातारी झाली, शंभर-दीडशे वर्षांनी, तर येईल का हो ती परत?"

मॅडमनी कप बशीत ठेवला. खरं बोलायची सवय त्यांना निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. "झाडं होतील, ताई. पण यायला ती कुठेतरी असायला हवी ना. येणार कुठून?"

भावजयीने विषय बदलून बिस्किटं पुढे केली.

त्या उन्हाळ्यात रोपांना पाणी घालायला माणूस पुरेना, म्हणून पुडीताई भावाबरोबर जाऊ लागली. तो टाकीजवळ बसून नळ सोडायचा आणि ती पाइप घेऊन एकेका रोपापाशी जायची. बाजूने गाड्या सुसाट जात, धूळ उडे. बरीच रोपं वाळून गेली होती. तिने त्यांनाही पाणी घातलं. करवत्या ओरडून सांगायचा, "अगं, ते मेलंय, पुढे चल!" ती पुढे जायची.